डहाळा मी बांधला होता

तापाच्या माणसाने घराबाहेर पडू नये. तापाच्या माणसाने औषधासाठी सरकारी दवाखान्यात स्वतः हजर व्हावे. येताना रिकामी बाटली आणावी.

तिन्ही हुकूम एकाच दवंडीत होते. दवंडीवाला आमच्या आळीत आला तेव्हा मी अंगाभोवती घोंगडी लपेटून ओट्यावर बसले होते. मी ओरडून विचारलं, “बाबा, घरात बसायचं की दवाखान्यात यायचं? एक काय ते सांगा.” तो थांबला, डफ काखेत धरला आणि म्हणाला, “मला वाजवाला दिलंय बाय, इचार कराला नाय दिला.” आणि पुढच्या आळीत गेला. त्या साथीत सरकारकडून मला मिळालेलं हे एकच प्रामाणिक उत्तर, म्हणून पहिल्यांदा लिहून ठेवते.

फ्लूची साथ त्या वर्षी, सत्तावन्न साली, सगळ्या जगात फिरत होती. पेपरात आधी परदेशांची नावं आली, मग मुंबईचं आलं. मग ताप पनवेलला आला, पण पनवेलचं नाव काही पेपरात आलं नाही. आमची आळी खाडीच्या अंगाला. निम्मी घरं मिठागरावर राबणारी, निम्मी खाडीत जाळं टाकणारी. पंधरा दिवसांत असं घर उरलं नाही की जिथे कुणी कण्हत नव्हतं. आळीच्या तोंडाशी एक शिपाई उभा केला होता, आम्ही बाहेर पडू नये म्हणून. पण मिठागराचा मुकादम सकाळी हाका मारायला यायचा तेव्हा तोच शिपाई बाजूला सरकायचा. पाऊस तोंडावर होता आणि मिठाच्या राशी शाकारायच्या राहिल्या होत्या. माणूस आत कुजला तरी चालेल, मीठ भिजता कामा नये.

मी तेव्हा वीस वर्षांची. आळीतली पहिली मॅट्रिक, म्हणून जरा शेफारलेली. दोन वर्षं चळवळीत होते. सभेत बोलण्याएवढा आवाज नव्हता, पण मेणकागदावर लोखंडी टोकाने अक्षर कोरायला माझ्यासारखं कुणी नव्हतं. सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायची आणि बाजारात वाटायची, हे माझं काम. मला शिकवणारे म्हणायचे, पहिल्या ओळीत मागणी लिही, शिव्या शेवटी. मी शिकले ते एवढंच, आणि त्यातलंही शिव्यांचं जास्त.

घरात आम्ही चौघं. आई, मिठागरावर जाणारा दादा, सातव्या महिन्यातली वहिनी आणि मी. ताप पहिल्यांदा मला आला. मी उठून बसले तोवर वहिनी पडली. मी तापले ती जिभेने जास्त, असं आई म्हणायची. वहिनी मात्र मुकाट तापली. चौथ्या दिवशी जरा उतार पडला, आम्हाला वाटलं सुटलो. पाचव्या दिवशी ताप पुन्हा चढला आणि तिच्या कुशीत दुखायला लागलं. श्वास अर्ध्यावर अडायचा. एक हात पोटावर, एक हात बरगडीवर, आणि डोळे आमच्याकडे.

दादा बाटली घेऊन दवाखान्यात गेला. कंपाउंडर म्हणाला, “पेशंट कुठंय?”

“घरी हाय. उठवत नाय तिला.”

“बघितल्याशिवाय औषध नाही.”

“मंग डॉक्टरला पाठवा.”

“त्याला अर्ज लागतो. अर्ज कचेरीत.”

शेवटी माझ्या नावावर दिलेलं गुलाबी मिश्रण अर्धी बाटली शिल्लक होतं, बाटलीला डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली. तेच वहिनीला देऊ लागलो. अर्ज मी लिहिला, दादाने नेला. उत्तर तोंडीच आलं. साथीसाठी म्हणून कचेरीत एक खास साहेब नेमले होते, लोक त्यांना तापाचे साहेब म्हणायचे. त्यांचा कारकून दादाला म्हणाला, डॉक्टर फक्त यादीतल्या घरांना भेट देतात. यादी तपासनीस करतो. तपासनीस तुमच्या आळीत येऊ शकत नाही.

“का?”

“साथ आहे ना तिथे!”

दादाने घरी येऊन हे सांगितलं आणि तो हसायला लागला. मला हसू आलं नाही. मी मेणकागद मागवला.

ते पत्रक मी अंथरुणात बसून पाटावर कोरलं. वर मागणी लिहिली: डॉक्टर आळीत आला पाहिजे. मध्ये कारणं. खाली शिव्या, छापण्यासारख्या. आणि एक सूचना, जिचा मला फार अभिमान वाटला होता. ज्या घरात ताप आहे त्या घराने दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधावा, म्हणजे आळीच्या तोंडाशी उभं राहूनसुद्धा कचेरीला घरं मोजता येतील आणि यादी नाही ही सबब उरणार नाही. कडुलिंब आळीच्या टोकालाच होता, फुकट होता, आणि लांबून दिसायचा. चळवळीतली माझी एक मैत्रीण ओट्याखाली उभी राहून मेणकागद घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा टाकून गेली. आमच्या दाराचा डहाळा मी स्वतः बांधला.

वाचणाऱ्यांना वाटेल, चांगलीच युक्ती. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, ती कपाळावर हात मारून घेईल. दाराला कडुलिंब लागला की त्या घरात देवी आल्या. देवी म्हणजे अंगावर दाणे उठतात तो रोग, आणि देवी म्हणजे साक्षात देवीआईही. ती पाहुणी आली की घरात फोडणी पडत नाही, परका माणूस उंबरा ओलांडत नाही, आणि मुख्य म्हणजे रोग्याला औषध देत नाहीत. औषध दिलं तर ती कोपते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी याच आळीत वाढले. पण दोन वर्षं पत्रकं लिहिता लिहिता मला वाटायला लागलं होतं की मी जे लिहीन तेच लोक वाचतील. आळीत पत्रक वाचणारे बोटावर मोजण्याइतके. डहाळा वाचणारे सगळे.

सकाळी बघते तर दारोदार कडुलिंब. मी खूश. मग दूधवाला आळीच्या तोंडावरूनच परत गेला. शेजारणीने विस्तव मागायला येणं बंद केलं. आणि मी वहिनीच्या उशाशी गेले तर बाटली जागेवर नाही.

“आये, औषध कुठाय?”

“ठेवलं उचलून. आता द्याचं नाय.” आई कडुलिंबाच्या पाल्याने वहिनीवर पाणी शिंपडत होती.

“अगं देवी नाहीत त्या! डहाळा मी बांधलाय. मी! या हातांनी!”

“तू कशी बांधशील गो? तिनंच बांधून घेतला तुझ्या हातनं.”

यावर कुठल्या पत्रकात उत्तर असेल तर मला दाखवा. मी चळवळीत मोठमोठ्या वक्त्यांना निरुत्तर होताना पाहिलं होतं, पण असं चारी मुंड्या चीत मला कुणी केलं नव्हतं. त्या दिवशी मी बाटली शोधून काढली आणि आई पाणवठ्यावर गेल्यावर वहिनीला चोरून डोस पाजला. वहिनीने ओठ पुसले आणि पुटपुटली, “आत्यांना नका सांगू.” आईला ती आत्या म्हणायची. मग ओट्यावर उभी राहून मी बेंबीच्या देठापासून ओरडले, औषध बंद करू नका, देवी नाहीत, डहाळा फक्त खुणेचा आहे. निम्म्यांनी ऐकलं. समोरच्या घरातून आजी म्हणाली, “पोरी, ताप उतरंना तुजा अजून. नीज जा.”

समोरच्या आजीचा म्हातारा आठ दिवस तापाने पडून होता. आमच्या घरासारखंच त्यांच्याकडेही गुलाबी बाटली होती, त्यांनीही ती उचलून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा गेला. तो माझ्या डहाळ्यामुळे गेला की गेलाच असता, हे मला सांगता येत नाही. डॉक्टरलाही सांगता आलं नाही, मी पुढे विचारलं. पण ‘सांगता येत नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा मी लावत नाही. तसा अर्थ कचेरी लावते.

आता कचेरीची तऱ्हा बघा. तापाने आळीच्या आळी झोपली तेव्हा तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. डहाळे दिसल्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी माणूस हजर! कारण देवीच्या रोगाला कायदा होता, वही होती, छापील नमुना होता. तापाला नुसती दवंडी.

आला तो देवी काढणारा, म्हणजे टोचणारा. पांढऱ्या दाढीचा मुसलमान म्हातारा, हातात टोचण्याच्या सामानाची पेटी, काखेत छत्री. आमच्या गावागावांतले दंड त्यानेच टोचलेले, माझासुद्धा. म्हाताऱ्याची तिरडी नुकतीच गेली होती. तो आधी समोरच्या ओट्यासमोर थोडा वेळ मान खाली घालून उभा राहिला, मग प्रत्येक दारात गेला, आत शिरला, रोग्याचे तळहात-तळपाय पाहिले आणि सांगत सुटला, “देवी नाहीत, मायबाई. दवा बंद करू नका.” माझ्या ओरडण्याने जे झालं नव्हतं ते त्याच्या दाढीने झालं. बाटल्या पुन्हा खाली आल्या. फक्त माझी आई ऐकेना.

आमच्याकडे तो सगळ्यात शेवटी आला. वहिनीजवळ उकिडवा बसला, तिचा श्वास ऐकत राहिला.

“बेटी, हिच्या छातीत गेलंय. आजच्या आज डॉक्टर पाहिजे.”

“मग लिहा तसं.”

“काय लिहू? माझ्या नमुन्यात छातीचा रकाना नाही.”

“कुठले रकाने आहेत?”

“देवी आहेत, देवी नाहीत, संशयित.”

“संशयित लिहिलं तर?”

“तर डॉक्टरला त्याच दिवशी यावं लागतं. नंतर रोज, शक मिटेपर्यंत.” हे बोलता बोलता त्याचा हात पेटीतल्या वहीकडे गेला.

मी म्हटलं, “चाचा, तुम्हाला संशय येत नाही का हो?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे वळला. “तुमच्या हिशेबाने देवी कधी आल्या, मायबाई?”

“काल सकाळधरनं,” आई म्हणाली.

“म्हणजे आज दुसरा दिवस. दाणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठतात. मग आज ‘नाहीत’ लिहिणारा मी कोण?” त्याने टाक काढला, गुडघ्यावर वही ठेवून सावकाश लिहिलं आणि शाई वाळेस्तोवर फुंकत राहिला. जाताना दारात म्हणाला, “पस्तीस वर्षांची नोकरी आहे, बेटी. तोंड जरा सांभाळ.”

डॉक्टर त्याच संध्याकाळी टांग्याने आला. पाच-पंचवीस गावांना मिळून एक डॉक्टर, डोळे तांबारलेले, स्वतःच आजारी दिसत होता. त्याने नळी लावली आणि सांगितलं, न्यूमोनिया. पेनिसिलिनची सुई तिथेच दिली. सुईला आईने अडवलं नाही; टोचणं हे देवीच्याच कामातलं, असं ती धरून चालली. “आठ दिवस रोज द्यावी लागेल. एक दिवस चुकला तर दोघांची खात्री देत नाही.” दोघं म्हणजे वहिनी आणि पोटातलं. “मी येईन. पण मी यादीवर येतो. नाव यादीतून निघालं की मला टांगाही मिळत नाही, औषधही नाही.”

नाव यादीतून काढायला तापाचे साहेब दुसऱ्याच दिवशी जातीने आले. बरोबर कारकून आणि पट्टेवाला. साहेबांनी आमच्या अंगणात, ओट्यापासून चार हात दूर उभं राहून नाकाला रुमाल लावला. आळीच्या बायका आपापल्या दारांत आल्या.

“हे पत्रक कोणी काढलं?”

“मी.”

“बाहेर ये.”

“येता येत नाही. तापाच्या घरातल्या माणसाने बाहेर पडू नये. तुमचीच दवंडी आहे. तुम्ही आत या.”

कुठल्या तरी दारात एक बाई फिसकन हसली. साहेबांनी कारकुनाकडे हात केला, कारकुनाने कागद वाचला. देवीच्या रोगाची खोटी आवई उठवून मी लोकांत घबराट पसरवली, त्याबद्दल बिनशर्त माफी मागते. खाली सहीला जागा.

“सही कर, म्हणजे प्रकरण मिटेल. नोंद खोटी होती असं धरून नाव काढून टाकू. त्या टोचणाऱ्याचंही मग बघू.”

“नाव काढल्यावर डॉक्टर येईल?”

“ते दवाखाना पाहील.”

इथे मी खरं लिहिते. आतून वहिनीचा खोकला ऐकू येत होता. साहेब जर म्हणाले असते की सही कर आणि डॉक्टर आठ दिवस येईल, तर मी सही केली असती. दहा ठिकाणी केली असती. माझा कणा काही पोलादाचा नव्हता. पण समोरून तेवढाही सौदा आला नाही. त्यांना माझी माफी फुकट हवी होती आणि वर वहिनीचा जीव. मग मी कशाला देऊ?

“सही करणार नाही,” मी म्हटलं. “चूक केली ती आळीची केली, कचेरीची नाही. आळीला मी सांगेन. तुम्ही तीन आठवडे कुठे होतात ते कुणाला सांगणार?”

“जीभ फार चालते. तुरुंगात बसलीस की समजेल.”

“तुरुंगात तरी डॉक्टर येतो का?”

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते पट्टेवाल्याकडे वळले, तेवढ्यात आई मला बाजूला सारून उंबऱ्यात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात कडुलिंबाचा पाला. आवाज अजिबात चढवला नाही.

“साहेब, देवी आमच्या घरात बसलीय. नाय म्हनाचं आसंल तर चपला काढा, आत या, तिच्या तोंडावर नाय म्हना, आन मंग काय लिवाचं ते लिवा.”

साहेबांनी रुमाल नाकावर घट्ट दाबला. साहेब कारकुनाला म्हणाले, “जा, बघून ये.”

“मला टोचलेलं नाही, साहेब.”

“तू जा.”

“माझी बायको बाळंत झालीय, साहेब,” पट्टेवाला दोन पावलं मागे सरला.

“आन तुमी, साहेब?” आई म्हणाली. “तुमी तरी टोचून घेतलंय कं नाय?”

पलीकडच्या दारातून एक कोळीण ओरडली, “आमच्यातबी या, साहेब! चारजनी पडल्यात. कंच्या रकान्यात बसवता ते बसवा.” मग दुसरी, मग तिसरी. “आमच्याकडं पयलं!” “आमच्याकडं चहा हाय!” एवढी आमंत्रणं त्या साहेबांना नोकरीत कधी मिळाली नसतील. ते माफीनामा तसाच घेऊन गेले. आत येऊन न पाहता नोंद खोटी ठरवायची तर आपल्या सहीवर ठरवावी लागते, आणि उद्या खरंच दाणे उठले तर? ती सही त्यांनी केली नाही. मीही केली नाही. नोंद जागच्या जागी राहिली, टोचणाऱ्याची नोकरीही राहिली.

आई साहेबांना हरवायला बोलली नव्हती. ती जे मानत होती तेच बोलली. म्हणून त्यांना तिच्यापुढे काही सुचलं नाही. माझ्यापुढे सुचत होतं, कारण माझी भाषा त्यांना ओळखीची होती.

डॉक्टर आठही दिवस आला. आईची अट एवढीच, की सुई टोचायच्या आधी पाल्याने पाणी शिंपडू द्यायचं. डॉक्टर म्हणाला, “शिंपडा, माझ्यावरही शिंपडा.” पाचव्या दिवशी वहिनी भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “डॉक्टर, संशय मिटला नाय ना अजून? नाय, उद्याची सुई दुसऱ्या बाजूला मारा म्हनून इचारते.” आठव्या दिवशी त्याने वहीत लिहिलं, रोगी बरा. दोन महिन्यांनी भाची झाली, काळीसावळी, ठणठणीत आवाजाची.

वहिनीच्या तोंडावर एक व्रण नाही, पण सरकारी दप्तरात तिला देवी येऊन गेल्याचा संशय कायम आहे. ताप मात्र तिला कधी आलाच नव्हता. आळीत कुणालाच आला नव्हता. साहेबांच्या अहवालात आमच्या आळीपुढे एक संशयित देवी, बरी झाली, एवढीच ओळ आहे. हे मला कारकुनानेच नंतर सांगितलं, बाजारात, हळू आवाजात. समोरचा म्हातारा कुठल्याच रकान्यात बसला नाही.

म्हणून मी दुसरं पत्रक काढलं. त्यात वर मागणी नव्हती. वर माझी चूक होती: डहाळ्याची सूचना माझी, तिचा अर्थ आळीत काय होतो हे मला कळायला हवं होतं, त्या दोन दिवसांत औषधं बंद झाली त्याला मी जबाबदार आहे. खाली कचेरीचं सगळं, दवंडीपासून अहवालापर्यंत, कुणाचीही भीड न धरता. चळवळीतले काहीजण म्हणाले, वरचा भाग काढ, विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल. मी म्हटलं, मग खालचा भागही तुम्हीच लिहा, मला जमायचा नाही.

पत्रक वाटायचं नाही, वाचायचं, असं मी ठरवलं होतं. दार दार हिंडले. समोरच्या घरी शेवटी गेले, कारण धीर होत नव्हता. आजी ओट्यावर जाळं सांधत बसली होती. मी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. माझ्या चुकीचा भाग संपला तेव्हा मी कागद खाली केला. तिने हातातली सुई थांबवली नाही.

“झालं तुजं?”

“झालं.”

“बस तितं,” ती म्हणाली. “आता कचेरीचं वाच. मोट्यानं वाच.”